रबरावर उडणारं हेलिकॉप्टर: मुलं, पालक आणि शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या माडीवर दर शनिवारी संध्याकाळी शाळेतली मुलं जमतात आणि रबराच्या पिळावर उडणारी हेलिकॉप्टरं बनवतात. नवं मूल आलं की तेच प्रश्न येतात, पाठोपाठ त्याच्या आईबाबांचे येतात, आणि स्पर्धा जवळ आली की शिक्षकांचेही. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. बडोद्यात काय कुठे मिळतं तेही जमेल तिथे सांगितलं आहे.

बॅटरी नाही, मोटर नाही. मग उडतं कसं?

रबराला पीळ भरला की तो सुटायला बघतो. ते सुटणं आपण दोन रोटरांना, म्हणजे फिरत्या पात्यांच्या दोन पंख्यांना, वाटून देतो. एक हलकी उभी काडी घ्या. तिच्या वरच्या टोकाला बेअरिंग, म्हणजे तार मोकळी फिरू देणारा आधार, आणि त्यातून गेलेली बारीक तार. तारेच्या बाहेरच्या बाजूला वरचा रोटर, आतल्या बाजूला आकडा. काडीच्या खालच्या टोकाला दुसरा आकडा, आणि तिथेच काडीला पक्का चिकटवलेला खालचा रोटर. दोन्ही आकड्यांमध्ये रबराचा लूप. पीळ भरून हात सोडला की वरचा रोटर एका दिशेला फिरतो, आणि खालचा रोटर अख्ख्या काडीला घेऊन उलट दिशेला.

खऱ्या हेलिकॉप्टरला शेपटीवर छोटा पंखा असतो. याला का नाही?

शेपटीचा पंखा असतो तो हेलिकॉप्टरचं धड उलटं फिरू नये म्हणून. इथे आपल्याला धड फिरायलाच हवं आहे, कारण धडालाच दुसरा रोटर जोडलेला आहे. रबर वरच्या रोटरला जितक्या जोराने पिळतं, तितक्याच जोराने काडीला उलट पिळतं. त्यातलं काहीच वाया जात नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. दोन्ही रोटर एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असायला हवेत, एक उजवा आणि एक डावा. आमच्याकडे पहिल्या मॉडेलला ही चूक हमखास होते. एकाच साच्यावर चारही पाती घडवली जातात, मग वरचा रोटर मॉडेल वर ओढतो, खालचा खाली ढकलतो, आणि ते जागच्या जागी थरथरत राहतं. पाती चिकटवण्याआधी दोन्ही रोटर हातात धरून फिरवून बघा. दोघांचीही हवा खालीच गेली पाहिजे.

ही कल्पना कोणाची?

१७८४ मध्ये फ्रान्समध्ये लोनॉय आणि बियाँव्हन्यू या दोघांनी उलट दिशांना फिरणाऱ्या दोन रोटरांचं छोटं यंत्र उडवून दाखवलं. त्यांना ताकद मिळाली धनुष्याच्या दोरीतून. १७९६ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज केलींनी तसंच एक बनवलं. पिळलेलं रबर वापरण्याची मोठी उडी घेतली आल्फोन्स पेनो यांनी, १८७० मध्ये. त्यांच्याच धर्तीचं एक खेळणं १८७८ च्या सुमारास मिल्टन राइट यांनी आपल्या दोन मुलांना आणून दिलं. विल्बर आणि ऑर्विल त्याला वटवाघूळ म्हणायचे. ते मोडल्यावर त्यांनी स्वतःच्या हातांनी तसंच बनवायचा प्रयत्न केला. माडीवरच्या मुलांना मी ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगतो, म्हणजे हातातल्या वस्तूकडे ती खेळणं म्हणून बघत नाहीत.

स्पर्धेत नेमकं काय मोजतात?

बहुतेक ठिकाणी हवेत राहिल्याचा वेळ. हात सुटला की घड्याळ सुरू, जमिनीला टेकलं की बंद. अमेरिकेतल्या सायन्स ऑलिंपियाडमध्ये हा प्रकार काही वर्षी असतो, आणि तिथे मॉडेलचं किमान वजन, रोटरचा कमाल व्यास आणि रबराचं कमाल वजन नियमात ठरवून दिलेलं असतं. हे आकडे वर्षागणिक बदलतात. आपल्याकडच्या शाळांच्या स्पर्धा बऱ्याचदा तेच नियम थोडे बदलून घेतात. त्यामुळे काडी कापण्याआधी यंदाचं नियमपत्रक हातात घ्या. मागच्या वर्षीच्या पत्रकावर बनवलेलं सुंदर मॉडेल मापनाच्या टेबलावरच बाद झालेलं मी पाहिलं आहे.

वजनाचा एवढा हट्ट कशासाठी?

कारण सगळी स्पर्धा तिथेच जिंकली किंवा हरली जाते. तरंगत राहायला लागणारी ताकद वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्याच्या दीडाव्या घाताने वाढते. रबर धरून ४ ग्रॅमचं मॉडेल ५ ग्रॅमचं झालं, म्हणजे वजन पाव पटीने वाढलं, तर ताकद मात्र जवळजवळ ४० टक्के जास्त लागते. ती येणार त्याच रबरातून, म्हणजे रबर तेवढं लवकर संपणार.

उलट बाजूनेही बघा. ४ ग्रॅमचं मॉडेल ३५ सेंटिमीटर व्यासाच्या रोटरांवर हवेत धरून ठेवायला हिशेबाने साधारण १६ ते १७ मिलिवॅट लागतात. पाती काही आदर्श नसतात, म्हणून दुप्पट धरा. तरीसुद्धा साध्या एलईडी दिव्याला लागणाऱ्या विजेपेक्षा हे कमीच भरतं. हा हिशेब मी फळ्यावर मांडतो तेव्हा मुलांचे डोळे मोठे होतात, आणि त्यानंतर गोंदाचा एकेक थेंब ती जपून लावतात.

वजनासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. स्वयंपाकघरातला चालत नाही. ओळखीच्या सराफाकडे नेऊन तोललं तरी चालेल. आमचे शेजारी सराफ मुलांना आनंदाने तोलून देतात.

बाल्सा लाकूडच हवं का? बांबू चालेल?

बाल्सा उत्तम. ते मुख्यतः इक्वेडोरमधून येतं आणि छंदाच्या दुकानांतून किंवा ऑनलाइन मागवता येतं. पण एकाच पाकिटातल्या दोन पट्ट्यांच्या वजनात दीडपट फरक निघू शकतो, म्हणून आली की प्रत्येक पट्टी तोला आणि तिच्यावर पेन्सिलीने आकडा लिहा. हलक्या पट्ट्या पात्यांसाठी. मधल्या काडीसाठी थोडी जड पण ताठ पट्टी, कारण पीळ भरलेलं रबर तिला धनुष्यासारखं वाकवायला बघतं. काडी वाकली की वरच्या तारेचा कोन बदलतो आणि मॉडेल डुलायला लागतं.

बांबू बाल्सापेक्षा कितीतरी जड, पण बारीक तासला तर ताकद विलक्षण. उत्तरायणानंतर गच्चीवर पडलेल्या फाटक्या पतंगांच्या कमानी गोळा करून ठेवा. पतंगवाल्यांनी त्या इतक्या एकसारख्या तासलेल्या असतात की आपल्या हाताला ते जमायचं नाही. पात्याच्या पुढच्या कडेला अशी कमान ब्लेडने आणखी बारीक करून लावली, तर भिंतीला घासलं तरी पातं शाबूत राहतं. पहिलं मॉडेल बांबू आणि पतंगाच्या कागदाचं करायला माझी हरकत नाही. उलट तेच करा. मोडलं तर रडू येत नाही, आणि हात बसतो.

पाती किती मोठी ठेवायची? कोन किती?

व्यास नियमात बसेल तेवढा मोठा. मोठा रोटर खूप हवा हळू ढकलतो, छोटा थोडी हवा जोरात ढकलतो, आणि पहिल्यात ताकद कमी लागते. वजन तेच ठेवून व्यास ३० वरून ३६ सेंटिमीटर केला तर लागणारी ताकद साधारण सहाव्या हिश्शाने घटते.

कोनाला वेळ द्या. पात्याचं टोक बुंध्यापेक्षा फार वेगाने फिरतं, म्हणून टोकाला कोन कमी आणि आत जाऊ तसा जास्त लागतो. ३५ सेंटिमीटरच्या रोटरसाठी मी टोकाला १५ अंश आणि मध्यावर २८ अंशांच्या आसपास सुरुवात करायला सांगतो. हा पीळ पात्यात आणायची सोपी रीत अशी: बाल्साचा पातळ पत्रा कोमट पाण्यात भिजवा, काचेच्या बाटलीवर थोडा तिरका ठेवा आणि कापडी पट्टीने बांधून रात्रभर वाळू द्या. सकाळी पट्टी सोडली की पात्यात बाकही आलेला असतो आणि पीळही. उजव्या रोटरची पाती एका बाजूला तिरकी बांधायची, डाव्याची दुसऱ्या बाजूला.

कोन कमी पडला तर रोटर भरभर फिरतात आणि पीळ लवकर संपतो. जास्त झाला तर रोटर आळसावतात, हवा पात्याला चिकटून राहत नाही आणि मॉडेल खाली बसतं. योग्य कोन या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा. खालच्या रोटरला वरच्याने खाली ढकललेली हवा मिळते, म्हणून त्याचा कोन एखाद-दोन अंश जास्त ठेवून बघा. पुठ्ठ्याचा त्रिकोणी साचा कापून ठेवा आणि चारही पाती त्यावर लावून तपासा. नुसत्या नजरेवर जाऊ नका.

पात्यांवर काय चढवायचं?

अख्ख्या पत्र्याऐवजी बारीक काड्यांच्या चौकटीची पाती असतील तर भाजीवाल्याकडची अगदी पातळ, कुरकुरीत पिशवी. दहा मायक्रॉनचं असं प्लास्टिक चौरस मीटरला साडेनऊ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे चारही पात्यांना मिळून अर्ध्या ग्रॅमच्या आत काम होतं. पतंगाचा कागद जड पडतो आणि श्रावणात दमट हवेने सैल होतो. तरी शिकण्यासाठी तो चांगला. गेंडीगेटला पतंगांच्या बाजारात तो हव्या त्या रंगात मिळतो.

गोंद कोणता?

लाकडाला लाकूड जोडायला पांढरा गोंद थोडं पाणी घालून, टाचणीच्या टोकाने. बेअरिंगला फेविक्विकचा एक थेंब. प्लास्टिक चिकटवायला ग्लू स्टिक.

बेअरिंग घरी बनतं का?

बनतं, आणि छान बनतं. थंड पेयाच्या रिकाम्या कॅनची बोटभर पट्टी कापा, ती इंग्रजी यू अक्षरासारखी दुमडा, आणि दोन्ही पायांना सुईने एकाच रेषेत भोक पाडा. त्यातून ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची पोलादी तार ओवा. तारेवर रोटर आणि पट्टी यांच्या मध्ये एक काचेचा मणी आणि एक छोटी प्लास्टिकची चकती. मणी मांडवीच्या मण्यांच्या दुकानात मिळतात. घेताना पाच-सहा मणी टाचणीवर फिरवून बघा, भोक मधोमध असलेलाच घ्या. झाल्यावर रोटरला फुंकर मारा. तो मऊ फिरून हळूहळू थांबला पाहिजे. झटक्याने थांबला तर कुठेतरी घासतंय.

कुठलं रबर घ्यायचं?

ऑफिसातले रबरबँड जोडून साखळी केली तर चालतं, पण गाठींचं वजन वाढतं आणि पीळ एकसारखा बसत नाही. मॉडेल विमानांसाठी खास बनवलेली रबराची पट्टी मिळते. त्यात टॅन सुपर स्पोर्ट हे नाव जगभरची मंडळी घेतात.

जाडीचा नियम मुलांना फार आवडतो. रबराचं वजन तेच ठेवून पट्टी अर्धी बारीक आणि दुप्पट लांब केली, तर पीळ जवळपास पावणेतीन पट बसतो, पण रोटर फिरवायचा जोर तितकाच कमी होतो. साठलेली ऊर्जा तीच. ती एकदम खर्च करायची की पुरवून पुरवून, एवढंच आपण ठरवतो. मॉडेल जेमतेम वर चढेल इतका जोर देणारं सर्वांत बारीक रबर शोधा, वेळ तिथेच सापडतो.

रबराला तेल लावायचं का? कोणतं?

लावायचंच. पीळ बसताना पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि कोरड्या रबराला तिथेच चीर पडते. सिलिकॉन तेल उत्तम. नाहीतर एरंडेल, त्याला गुजरातेत तोटा नाही. दोन थेंब तळव्यावर घेऊन रबर त्यात चोळा आणि जास्तीचं पुसून टाका. रॉकेल, व्हॅसलिन, शिलाई मशीनचं तेल मुळीच नको, त्याने रबर फुगतं आणि कुजतं. वापर झाला की धुऊन, वाळवून, काळ्या पिशवीत घालून कपाटात ठेवा. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत विसरलेलं रबर फेकून द्यायच्या लायकीचं होतं.

किती पीळ भरायचा, आणि कसा?

आकडा कोणाकडून मागू नका, स्वतः काढा. त्याच पट्टीचा, त्याच लांबीचा एक लूप मुद्दाम तुटेपर्यंत पिळा आणि पीळ मोजा. उडवताना सुरुवातीला त्याच्या ८० टक्के भरा. हात बसला की ९० पर्यंत जा. डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय कोणीही पीळ भरायचा नाही, हा आमच्या माडीवरचा एकमेव कडक नियम आहे.

भरायची रीत अशी. रबराचं एक टोक एकाने घट्ट धरायचं किंवा टेबलाला लावलेल्या आकड्यात अडकवायचं. दुसरं टोक हातड्रिलच्या आकड्यात. मग मागे सरत सरत रबर मूळ लांबीच्या चौपट ताणायचं. ताणलेल्या अवस्थेतच निम्मे पीळ भरायचे, आणि उरलेले भरताना एकेक पाऊल पुढे यायचं. शेवटचा पीळ पडेल तेव्हा रबर मॉडेलच्या आकड्यांमधल्या अंतराएवढं झालेलं असावं. न ताणता भरलं तर निम्म्यातच तुटतं.

नववीतल्या एका मुलीला हे करताना बघणं मला फार आवडतं. ती बोलत नाही, ओठ हलवत मोजते. आधी रबरावर बारीक, एकसारख्या गाठींची रांग उमटते, मोत्याच्या सरासारखी. मग कुठेतरी पहिली मोठी गाठ उसळते, गाठींवर गाठ. तिथे ती थांबते, डाव्या हाताच्या बोटांनी रबर चाचपते आणि पुढचे पीळ अगदी हळू भरते. रबर हाताला लाकडासारखं कडक लागलं की तिथे थांबायचं, हे तिला कोणी शिकवलं नाही. दहा-बारा लूप तोडून तिच्या बोटांना ते समजलं.

ड्रिलचं एक चक्र म्हणजे आकड्याची किती चक्रं, हे आधी मोजून ठेवा. साध्या हातड्रिलमध्ये ते चारच्या आसपास असतं.

हवेत किती वेळ राहील, हे आधी सांगता येतं का?

अंदाज येतो. समजा प्रत्येक रोटर मिनिटाला १८० फेरे घेतो. दोघे उलट दिशांना, म्हणजे रबर मिनिटाला ३६० पिळांनी सुटतं. १०८० पीळ भरले असतील तर तीन मिनिटं. मोबाइलवर उड्डाणाचा व्हिडिओ घ्या, पात्याच्या टोकाला रंग लावून फेरे मोजा, आणि हिशेब जुळतो का बघा.

मॉडेल सरळ छताला जाऊन धडकतं. काय करू?

पूर्ण पिळलेलं रबर पहिले काही सेकंद फार जोर लावतं, मग बराच वेळ सपाट चालतं आणि शेवटी मंदावतं. तो सुरुवातीचा जोर छतावर वाया जातो. पूर्ण पीळ भरून झाल्यावर आठ-दहा टक्के उलटे सोडा. मधला सपाट भाग जवळजवळ तसाच राहतो, सुरुवातीचा उसळा तेवढा जातो. तरीही धडकत असेल तर रबर जाड आहे, बारीक घ्या.

उडताना डुलतं, गोल गोल घिरट्या घालतं.

आधी तोल बघा. रोटर तारेवर आडवा धरा. एक पातं सारखं खाली जात असेल तर ते जड आहे, दुसऱ्याच्या टोकाला चिकटपट्टीचा तांदळाएवढा तुकडा लावा. मग साच्याने कोन तपासा. मग तार सरळ आहे का ते. बहुतेक वेळा याच क्रमाने दोष सापडतो.

सराव गच्चीवर करता येईल का?

नाही. चार ग्रॅमच्या मॉडेलला गच्चीवरची झुळूकही वादळासारखी असते. ज्या हवेत पतंग चढतो ती हवा याच्या कामाची नाही. शाळेचं सभागृह, समाजाचं कार्यालय, निदान मोठी बैठक. दारं-खिडक्या बंद, एसी बंद, पंखे बंद.

पंख्यांबद्दल आयोजकांना माझी हात जोडून विनंती आहे. काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय स्पर्धेत सभागृहाचे पंखे बंद करायला कोणी तयार झालं नाही, उन्हाळा आहे म्हणून. आठवीतल्या एका मुलीचं मॉडेल दीड मिनिट अतिशय शांत उडत होतं. ते पंख्याच्या ओढीत सापडलं, आणि तुकडे खाली पडले ते आम्ही वहीच्या कागदात गोळा केले. तीन आठवड्यांचं काम होतं ते. त्याचं मला अजून वाईट वाटतं. फेरी दहा मिनिटांची असते, तेवढा वेळ घामात बसायला मुलांची ना नसते.

वहीत काय लिहायचं? सर, ते कंटाळवाणं आहे.

तारीख, जागा, मॉडेलचं वजन, रबराचं वजन आणि लांबी, भरलेले पीळ, उलटे सोडलेले पीळ, वेळ, आणि काय दिसलं ते एका ओळीत. एका वेळी एकच गोष्ट बदला. कोन आणि रबर दोन्ही एकदम बदललं आणि वेळ वाढला, तर कशामुळे वाढला हे कोण सांगणार? स्पर्धेच्या दिवशी मी मुलांना नवं काही करू देत नाही. वहीत ज्या जोडीचा वेळ सर्वांत चांगला आहे तेच मॉडेल, तेच रबर, तेवढेच पीळ.

आम्ही आईवडिलांनी किती मदत करायची?

ब्लेड वापरताना जवळ बसा. पीळ भरताना दुसरं टोक धरा. मॉडेल मात्र त्याला बनवू द्या, वाकडं झालं तरी. मापनाच्या टेबलावर परीक्षक मुलाला विचारतात की हा कोन का ठेवला, आणि ज्याने बनवलं त्यालाच ते सांगता येतं.

यातून पुढे काय, असंही पालक विचारतात. सयाजीरावांनी १८९० मध्ये या गावात कलाभवन काढलं ते हाताने काम शिकण्यासाठीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथेच सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांच्या जुळणीच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. तुमचं मूल तिथे जाईल असं मी म्हणत नाही. पण दहा मिलिग्रॅमसाठी गोंद पुसून काढणारी मुलगी पुढे कुठलंही काम निष्काळजीपणे करेल असं मला वाटत नाही.

स्पर्धेला मॉडेल न्यायचं कसं?

बुटांच्या नव्हे, मिठाईच्या मोठ्या खोक्यात. तळाला थर्माकोल लावा आणि मधली काडी दोन खाचांत अशी बसवा की पाती कशालाही टेकणार नाहीत. रबर मॉडेलवर चढवून नेऊ नका. सोबत तेल लावलेले चार लूप वेगळ्या डबीत, एक जादा रोटर, फेविक्विक, टाचण्या, ड्रिल, चष्मा आणि वही. स्कूटरवर असाल तर मागच्याने खोकं मांडीवर आडवं धरावं. न्यायमंदिराजवळच्या गर्दीतून जाताना जरा हळूच.